इंग्रजी न येणाऱ्या लंकाबाईचा सायबर

मखमलाबाद नाक्यावर तेव्हा तीन सायबर कॅफे होते. त्यातल्या दोघांमध्ये प्लायवूडच्या खोपट्या केलेल्या, प्रत्येक खोपटीला पडदा, आणि पडद्याआड काय चालायचं ते ज्याचं त्याला ठाऊक. तिसरा लंकाबाई विधात्यांचा. तिथं पडदा नव्हता, पंखा एकच होता, आणि पाच कॉम्प्युटरांतलं एक कायम आजारी असायचं. तरी गर्दी तिथंच, त्यातही पोरींची. कारण विचाराल तर आयांकडे एक आणि पोरींकडे दुसरं. आया म्हणायच्या, लंकाबाईची नजर असते, पोरगी तिथं बसली तर जिवाला घोर नाही. पोरी म्हणायच्या, लंकामावशीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, नजर असून उपयोग काय! दोन्ही पार्ट्या खूश, आणि मधे लंकाबाई स्टुलावर बसून शेवंतीच्या वेण्या गुंफत असायची.

बाईचं माहेर सिन्नरकडचं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, आणि पोरीला दुसऱ्या गावी धाडायचं म्हणजे काय, असं म्हणून बापाने विषय संपवला. इंग्रजी सुरू व्हायचं पाचवीला. म्हणजे तिची आणि इंग्रजीची गाठ पडायच्या आतच फारकत झाली. लग्न होऊन मखमलाबादला आली ती मेथीच्या वाफ्यात आणि फुलांच्या सरीत. नवरा गेणू, स्वभावाने गरीब, एक पाय लहानपणापासून अधू. त्या पायाच्या सर्टिफिकेटावर ब्याण्णव साली त्याला एस.टी.डी. बूथचं लायसन मिळालं. पण गेणू काही त्या काचेच्या खोक्यात बसेना. मळ्यात पाय ठेवल्याशिवाय त्याला अन्न पचत नव्हतं. मग बसणार कोण? लंकाबाई. तिला इंग्रजी आकडे तेवढे शिकवले, एका दुपारी, आणि झाली ती टेलिफोनवाली.

त्या बूथवर एक प्रकार घडला आणि बाईला जन्माची खोड लागली. नाक्यावरची एक सून घरच्यांना चोरून माहेरी फोन करून गेली. तिच्या पाठोपाठ तिचा नवरा आला, बूथमध्ये शिरला, आणि नंबर न फिरवता त्याने रिडायलचं बटण दाबलं. पलीकडून त्याच्या सासऱ्याचा आवाज आला. घरी गेल्यावर त्या सुनेला काय भोगावं लागलं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. लंकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटण त्याने दाबलं खरं, पण नंबर पोटात धरून ठेवला कुणी? तिच्या फोनने! दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक बाहेर पडलं रे पडलं की ती आत जायची, एक-दोन-तीन असे उगाच आकडे दाबायची आणि रिसीव्हर ठेवून द्यायची. लोक म्हणायचे, बाईला खूळ लागलं. म्हणेनात का.

पुढे घरोघरी फोन आले आणि बूथमध्ये माश्या मारायची पाळी आली. गेणूच्या बहिणीचा मुलगा संतोष सातपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. तो म्हणाला, "मामी, सायबर टाक. तुला काही यायची गरज नाही, गिऱ्हाईकालाच येतं सगळं."

"मला काय यायची गरज नाय असा धंदा तर मी जन्मभर हुडकतेय," लंकाबाई म्हणाली, आणि दोन हजार एकच्या पाडव्याला तिने पाच मशीनांना हळदकुंकू वाहिलं.

महिना झाला नाही तोच एक पोरगी रडत आली. झालं असं, की कॉम्प्युटरला एक वाईट सवय असते. रकान्यात काही लिहिलं की तो ते लक्षात ठेवतो. पुढचा माणूस त्याच रकान्यात एखादं अक्षर टाकतो न टाकतो, तोच खाली यादी लोंबायला लागते: आधीच्यांनी काय काय लिहिलं त्याची. या पोरीचा मेलचा पत्ता असाच एका टवाळाच्या हाती लागला आणि त्याने तिला पत्रं लिहून लिहून सळो की पळो करून सोडलं. लंकाबाईला थेट ती रिडायलची गोष्ट आठवली. तिने संतोषला बोलावून घेतलं. "हे मेलं मशीन चुगलखोर हाय. ह्याचं तोंड बंद कर."

संतोषने दोन वाटा दाखवल्या. सगळं एकदम पुसायचं तर वरच्या मेनूत जायचं, तिथून आत, आणखी आत, मग कुठल्याशा बटणावर टिचकी मारायची. तिसऱ्याच दिवशी बाईने कुठली तरी भलतीच टिचकी मारली आणि इंटरनेटच गेलं. संतोष येईपर्यंत दोन दिवस पोरी मशीनवर पत्ते खेळत बसल्या. तेव्हापासून बाईने त्या वाटेचं नाव सोडलं. दुसरी वाट सोपी होती. रकान्यावर जायचं, खालच्या बाणाचं बटण दाबायचं, यादी उघडली की एकेका ओळीवर थांबून डिलीट. डिलीटचं बटण चुकू नये म्हणून तिने पाचही कीबोर्डांवर त्या बटणाला लाल टिकली चिकटवली. संतोषने चार पानांची चित्रं पडद्यावर ठेवून दिली होती: शोधायचं पान, मेलचं पहिलं पान, शुभेच्छांची कार्डं पाठवायचं पान आणि रेल्वेच्या वेळांचं पान. पोरींचं सगळं विश्व या चार पानांत मावायचं. गिऱ्हाईक उठलं की लंकाबाई जाऊन बसायची आणि चारही पानं साफ करायची. उभा जन्म निंदणीत गेलेल्या बाईला एकेक तण उपटायचा कंटाळा येत नाही.

पोरींना हे माहीत होतं. "मावशी पुसून टाकतात, आणि वाचता तर येतच नाही," असं त्या एकमेकींना सांगायच्या, तिच्या तोंडावर, ती जशी काही खुर्ची आहे. बाईला राग यायचा नाही असं नाही. पण धंदा त्यावरच चालला होता, हेही तिला कळत होतं.

आता गंमत ऐका. पोलिसांच्या सांगण्यावरून दुकानात एक वही ठेवलेली होती. कोण आलं, किती वाजता, कितव्या मशीनवर, ते लंकाबाई स्वतःच्या हाताने मराठीत लिहायची. दोन नंबरवरून मंजुषा उठली की दोन नंबरच्या यादीत तिच्या नावाची एक नवी ओळ हजर. तीन नंबरवरून लता उठली की तीन नंबरला दुसरी. वहीत मराठी, पडद्यावर इंग्रजी, आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा हाच पाठ. शाळेत मास्तर एवढा घोकून घेत नाही! आधी तिला अख्खी नावं कळायला लागली. मग नावांतली अक्षरं सुटी झाली. मग ती दुसरीकडे दिसली तरी ओळख द्यायला लागली. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. दोन हजार तीनच्या दिवाळीआधी एका सकाळी न्हाणीत साबणाच्या कागदावर तिने 'लेमन' असं वाचलं, आणि अंगावर पाणी घ्यायचं विसरून ती तशीच पाटावर बसून राहिली.

तिला वाटलं, धावत जावं आणि गेणूला सांगावं. पंचेचाळिसाव्या वर्षी, कुणी न शिकवता, इंग्रजी! दुसरी असती तर गल्लीत पेढे वाटले असते. पण लंकाबाई न्हाणीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. ही गोष्ट गेणूला कळली की संतोषला कळणार, संतोषला कळली की नाक्याला. मग पोरी कशाला येतील? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने ओठ मिटले, आणि स्वतःला एक नेम घालून घेतला: पुसायचं, पण वाचायचं नाही.

नेम चांगला होता हो, पण अक्षर एकदा ओळखीचं झालं की डोळा विचारून वाचतो का?

त्या नाताळाच्या आधीची गोष्ट. पिठाच्या गिरणीवाल्यांची मंजुषा चार नंबरवरून उठून गेली आणि लंकाबाई पुसायला बसली. कार्डाच्या पानावर एक पत्ता होता: राजवीर, मग खाली आडवी रेघ, मग दोन साते. रेल्वेच्या पानावर मनमाड होतं. मनमाड तर तिला लगेच वाचता आलं. गिरणीवाल्यांचं मनमाडला कुणी नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. एका नाक्यावर जन्म काढल्यावर कुणाची सोयरीक कुठं एवढं कळतं माणसाला. तिने थोडा वेळ त्या ओळीकडे बघितलं आणि टिकलीवर बोट दाबलं.

तिसऱ्या दिवशी मंजुषा घरातून गेली. आठव्या दिवशी वडील तिला कुठल्याशा स्टेशनावरून घेऊन आले. कान मोकळे, गळा मोकळा, अंगावर एक दागिना नाही. काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. कॉलेज सुटलं. दोन महिन्यांत नामपूरच्या एका माणसाशी तिचं लग्न लावून दिलं, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, कांद्याच्या मार्केटात कामाला. नाक्याने चार दिवस चघळलं आणि सोडून दिलं. लंकाबाईला सोडता आलं नाही. कुणी विचारलं तर सांगायला तिच्याकडे कारणं होती: आपलं काम पुसायचं, दुसऱ्याच्या पोरीच्या मधे आपण कोण, खात्री तरी कुठं होती. पण खरं सांगायचं तर बाई भ्याली होती. सरळ शब्द आहे, तो वापरावा.

सव्वा वर्ष गेलं. दोन हजार पाचचा एप्रिल, पाडवा चार-पाच दिवसांवर आलेला. सोमवारी दुपारी हर्षाली येऊन गेली. हर्षाली म्हणजे छायाबाईची मुलगी, आणि छायाबाई म्हणजे बूथ मिळायच्या आधी लंकाबाई भाजीबाजारात बसायची तेव्हा तिच्या शेजारी पंधरा वर्षं गोणपाट टाकून बसलेली बाई. नवरा नाही, एकुलती ही पोर. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, तोंडाने फटकळ, हसली की सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. ती तीन नंबरवरून उठली आणि लंकाबाई जाऊन बसली. कार्डाचं पान उघडलं. यादी लोंबली.

राजवीर. आडवी रेघ. दोन साते.

तिने रेल्वेचं पान उघडलं. मनमाड. पुढच्या रकान्यात भोपाळ. तारखेच्या रकान्यात सात. आकडे तर तिला ब्याण्णव सालापासून येत होते. सात तारीख म्हणजे गुरुवार. त्या दिवशी तिने तीन नंबर पुसला नाही. मशीन बंद केलं, वर कापड टाकलं आणि 'बिघडलंय' म्हणून सांगून टाकलं.

घरी येऊन ती विचार करत बसली. छायाला सांगावं? छाया दुसऱ्या दिवशी पोरीचं कॉलेज बंद करणार, पंधरा दिवसांत स्थळ बघणार. म्हणजे मंजुषाचं जे झालं तेच, फक्त मनमाडला न जाता. पोरीला सांगावं? मग पहिला प्रश्न, तुम्हाला कसं कळलं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर दिलं की उद्यापासून पाचही खुर्च्या रिकाम्या. गेणूने विचारलं, "जेवत का नाय?" ती म्हणाली, "पोट जड हाय."

मंगळवारी हर्षाली आलीच नाही. लंकाबाईने दिवसभरात रस्त्याकडे बघून बघून मान अवघडून घेतली. बुधवारी चारला ती आली, खांद्यावर नवी पिशवी.

"मावशी, तीन नंबर झाला का दुरुस्त?"

"तू हितं माझ्यापाशी एक नंबरवर बस," लंकाबाई म्हणाली. पोरगी बसली. बाईने स्टूल जवळ ओढलं आणि आवाज खाली केला. "हर्षाली, उद्या मनमाडला जाऊ नको."

हर्षालीच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथं थांबलं. "कोण म्हणालं तुम्हाला मनमाड?"

"तूच लिव्हलं सोमवारी. गाडीच्या पानावर."

"पण तुम्हाला तर..." एवढं म्हणून ती थांबली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला इंग्रजी येतं? म्हणजे तुम्ही आमचं सगळं वाचत होतात? आणि आम्ही मूर्खासारख्या—"

"सगळं नाय वाचत. डोळ्यापुढं आलं तेवढं. शिव्या दे मला, पण नंतर दे. तो राजवीर हाय ना, त्याला तुझ्याआधी हितूनच एकीनं कार्डं धाडली व्हती. ती बी मनमाडलाच गेली."

"कोण?"

"नाव नाय सांगणार."

"मग मी नाही विश्वास ठेवणार," हर्षाली ताडकन म्हणाली. "तो तसा नाही. तो मर्चंट नेव्हीत आहे. बोटीवर असतो. तरी माझ्यासाठी रोज चार ते सहा ऑनलाइन येतो."

बोटीवरचा माणूस रोज चार ते सहा बरा मोकळा सापडतो, असं लंकाबाईच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "मग घे की पारखून. आत्ता चारच वाजलेत. दुसऱ्या नावानं धाड त्याला कार्ड. जर तुझाच असंल तर दुसरीला जबाब द्यायचा नाय. नाय दिला तर मी तुझे पाय धरीन."

हर्षालीने रागारागाने मेलचं नवं खातं उघडायला घेतलं. नावाच्या रकान्यापाशी अडली. "काय नाव घालू?"

लंकाबाईला ऐन वेळी एकच नाव सुचलं, सासूचं. "नवसा."

"नवसा? असं नाव असतं का कुठं मुलीचं?"

"हाय आमच्या घरात. घाल."

कार्ड गेलं. फुलांचा गुच्छ, खाली 'मैत्री करशील का?' दोघी वाट बघत बसल्या. चार आणि पाच नंबरवर कॉलेजच्या दोघी जणी आपापल्या नादात होत्या. लंकाबाईने वेणी हातात घेतली, पण दोऱ्याला गाठ बसेना. हर्षाली नखं खात होती. अर्ध्या तासाच्या आत मेल आला.

हर्षालीने तोंड फिरवलं. "मी नाही बघणार. तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा. येतं ना वाचता?"

ते टोचायला म्हटलेलं होतं. पण बाई पुढे सरकली. मराठीच होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. आजवर तिने सुट्या ओळी वाचल्या होत्या, नावं, गावं. अख्खं वाक्य कधी नाही. तिने पडद्याला बोट लावलं आणि देवळातली पोथी वाचावी तशी मोठ्याने, अडखळत सुरुवात केली.

"नवसा... तुझं नाव... वाचलं आणि वाटलं... आपली वळख आजची नाय... मागच्या जन्माची हाय. मी बोटीवर... लय..."

"'खूप एकटा असतो,'" हर्षाली म्हणाली. तिची पडद्याकडे पाठ होती. "'माझ्या आईच्या मागे मला आपलं म्हणणारं कुणी नाही. तू म्हणशील का?' असंच आहे ना पुढे?"

लंकाबाईने पुढची ओळ मनात जुळवून बघितली. "व्हय. तसंच हाय."

हर्षाली टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. आणि ज्या नवसाबाईला तो मागच्या जन्मीची म्हणत होता ती तेव्हा ओसरीवर बसून मिश्री लावत होती, तोंडात दात नसलेली, पंचाहत्तर वर्षांची. हे लंकाबाईने तिला सांगितलं, तेव्हा पोरगी रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. "मेला," ती म्हणाली, "मेला, मेला, मेला."

पण चार आणि पाच नंबरच्या दोघी खुर्च्या वळवून बघत होत्या. मावशी इंग्रजी अक्षरं वाचत होत्या, मोठ्याने. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पिशव्या उचलल्या आणि नीट 'येतो' देखील न म्हणता निघून गेल्या.

गुरुवारी सकाळी लंकाबाई कोथिंबीर घ्यायच्या निमित्ताने बाजारात गेली. घरच्या मळ्यात कोथिंबीर असलेली बाई विकतची जुडी मागतेय म्हटल्यावर छायाबाईला हसू आवरेना. मागे गोणपाटावर हर्षाली मेथीच्या जुड्या बांधत होती, डोळे सुजलेले. तिने वर बघितलं नाही. लंकाबाईने जुडी घेतली, पिशवीत टाकली आणि रिक्षा न करता चालत घरी आली. सबंध रस्ताभर तिला बरं वाटत होतं.

दुकानात मात्र कावळा फिरकेना. दोघींनी दहा जणींना सांगितलं, दहांनी शंभरांना. लंकामावशी सगळं वाचते, बनेल बाई, तीन-चार वर्षं सगळ्यांना बनवलं. ज्या पोरी तिच्या हातच्या वेण्या माळून जायच्या त्या समोरच्या फुटपाथवरून जायला लागल्या. संतोष आला. "मामी, सांगून टाक, नावापुरतं येतं म्हणून. चार दिवसांत विसरतील."

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं व्हय रं?" बाई उसळली. "एक पाटी रंगव. दारावर लाव. लिव्ह: 'येथील मालकीणबाईंना इंग्रजी वाचता येते.'"

"अगं, असली पाटी कुणी लावतं का?"

"मी लावते."

गेणू मळ्यातून आला, पाटीखाली काठी टेकून उभा राहिला आणि बराच वेळ वाचत राहिला. "मला नाय सांगितलंस," एवढंच म्हणाला. त्याचं ते म्हणणं बाईला नाक्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या संध्याकाळी तिने त्याला साबणाचा कागद वाचून दाखवला, चहाचा पुडा वाचून दाखवला, घरात होतं नव्हतं ते सगळं वाचून दाखवलं. गेणू प्रत्येक शब्दाला "अरे वा" म्हणत होता.

पाटीला आधी लोक हसले. मग एकेक पोरगी चाचपडत यायला लागली, पहिल्यासारख्या नाही, पण येऊ लागल्या. लंकाबाईने नवी रीत पाडली. उठायच्या आधी ज्याचं त्याने पुसायचं. कसं ते ती स्वतः दाखवायची: हा रकाना, हा बाण, ही टिकली. "मी पुशीन म्हणून बसू नका, माझे डोळे आता उघडे हायेत," असं स्वच्छ सांगायची. पोरी हसायच्या आणि पुसायच्या. पाठ झाल्यावर काहींना मावशीपेक्षा ते जास्त भरभर जमायला लागलं.

अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सणाला, मंजुषा नामपूरहून माहेरी आली. भर दुपारी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. पाटी तिने दोनदा वाचली असावी, कारण बराच वेळ ती हललीच नाही. मग पायरी चढून आत आली. खांद्यावर चार महिन्यांची पोर झोपलेली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"ये गं, बस. किती वाळलीस," लंकाबाई म्हणाली.

मंजुषा बसली नाही. "पाटी नवी दिसते, मावशी."

"महिना झाला."

"आणि वाचता? वाचता कधीपासून येतं?"

हल्लीच शिकले, असं म्हणता आलं असतं. कुणाला पडताळा पाहता आला नसता. साबणाच्या कागदाचं साल गेणूलासुद्धा माहीत नव्हतं. एका शब्दाचं काम होतं. मंजुषा चहा पिऊन, मुलीच्या हातावर पैसे घेऊन, खुशीत गेली असती. लंकाबाईच्या तोंडात तो शब्द आलाही होता.

"तू जायच्या आधीपासनं," ती म्हणाली. "तुझं मनमाड मी वाचलं व्हतं. त्या मेल्याचं नाव बी वाचलं व्हतं. आन पुसलं."

मंजुषाने पोरीचं टोपडं सरळ केलं. ते वाकडं झालेलं नव्हतं. "मग बोलला का नाहीत?"

"भ्याले. तुम्ही पोरी यायच्या बंद व्हाल म्हणून भ्याले."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. मंजुषाने पोरीच्या कानावर हात धरला. मग ती बोलली, आणि आवाज न चढवता बोलली, म्हणून लंकाबाईला ते जास्त सोसेना. "मावशी, नामपूरला मी मनाशी एकच धरून बसले होते. की कुणाला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर कुणीतरी नक्की अडवलं असतं मला. त्याच्यावर दिवस काढले मी."

लंकाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने हात पुढे केला. मंजुषाने तो झिडकारला नाही, आणि धरलाही नाही.

"जाते मी," ती म्हणाली.

आपल्यात निघताना बाईमाणसाने 'येते' म्हणायचं असतं. कुणी चुकून 'जाते' म्हणालीच तर घरातली मोठी बाई तिला दारातून परत बोलावते आणि 'येते म्हण' म्हणून दटावते. लंकाबाईने तोंड उघडलं, आणि दटावायचा हक्क आपल्याला नाही हे तिला कळलं. मंजुषा पोरीला सावरत पायरी उतरली आणि गिरणीकडे वळली.